दोन बेस आणि दादांचा रिपोर्ट

ज्या आठवड्यात आमच्या घरी दोन बेस गिटार एकदम राहायला आल्या, त्या आठवड्यात घरात पाय ठेवायलाही जागा उरली नव्हती. मुकुंदवाडीतलं आमचं घर म्हणजे पुढं एक बरीशी मोठी खोली, मागं स्वयंपाकाची, आणि वर पत्रे. पुढच्या खोलीत वडलांची लोखंडी कॉट, तिच्याखाली माझी कॉलेजची पुस्तकं, एका कोपऱ्यात उत्तमकाकांच्या गायन पार्टीची ढोलकी, तबला, पेटी आणि माइकचे स्टँड, आणि दाराच्या आतल्या अंगाला पाण्याची दोन पत्र्याची पिंपं. पिंपांची जागा खरं तर अंगणात. पण त्या उन्हाळ्यात गल्लीत पाणी चोरीला जायला लागलं, तेव्हा मायनं काकांना मदतीला घेऊन ती आत आणवली. बाहेर सोनं राहिलं तरी चालंल, असं ती म्हणायची. आमच्याकडं सोनं नव्हतं, म्हणून तिला ते म्हणणं सोपं होतं.

पावसाळे लागोपाठ कोरडे जात होते. शहराला मात्र त्याची खबर नसावी, ते वाढतच होतं. सिडकोकडं दर महिन्याला नवी गल्ली उभी राहायची, वाळूजच्या माळावर कारखान्यांचे पाये खणले जात होते, आणि ह्या बांधकामांना पाणी कुठून मिळतं हा गल्लीतल्या बायांचा रोजचा विषय होता. आमच्याकडं टँकर मंगळवारी यायचा. मंगळवारी पिंपं काठोकाठ, शनिवारपर्यंत अर्ध्याच्या खाली, रविवारी तळाला वीतभर, आणि सोमवारी तांब्या बुडवायला गेलं की खालचा पत्रा लागायचा. घरातलं सगळं ह्या उतारावर चालायचं. मंगळवारी वरण-भात आणि डोक्यावरून अंघोळ. शनिवारी धपाटे, कारण त्यांना भांडी कमी लागतात. सोमवारी येसराची आमटी एकाच पातेल्यात, आणि ताटं राखेनं कोरडी घासून फडक्यानं पुसायची. पाणी किती उरलंय हे बघायला मायला झाकण उघडावं लागत नसे. ती बोटाच्या पेरानं पिंपावर टकटक करायची आणि सांगायची, "दोन दिवसाचं हाय." आता मी हर्सूलकडं चौथ्या मजल्यावर राहते, गच्चीवर काळ्या टाक्या आहेत, पण टाकीजवळून जाताना बोट वाजवून बघायची सवय काही गेली नाही. शेजारच्या बाईंना वाटतं मला काहीतरी झालंय.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो, कारण उत्तमकाका त्यांना दादा म्हणायचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात दादा इन्स्पेक्शनला होते. लेथवरून उतरलेला शाफ्ट असो की पिन, माल त्यांच्या टेबलावरून पुढं जायचा. मापात असला तर हिरवा ठिपका, नसला तर लाल. "माझ्या ठिपक्यानंतर कुणी मोजत नाही," हे वाक्य ते आठवड्यातून एकदा तरी घरी म्हणायचे, आणि त्यात गर्व होता हे मी लपवणार नाही. केसाएवढा फरक दाखवणारी मापाची पट्टी, व्हर्नियर, त्यांनी स्वतःची म्हणून घेतली होती आणि ती मखमली पिशवीत ठेवायचे. भाकरीची जाडी मोजताना मी त्यांना बघितलेलं आहे. मायनं त्यावर भांडण काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं थापलेली कच्ची भाकरी त्यांच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "आता मोजा. भाजल्यावर फुगती, मंग माप चुकतं."

उत्तमकाका दादांचे धाकटे भाऊ. गायचे. जयंतीचा एप्रिल महिना जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून पार्टीला बोलावणी यायची, आणि आमच्या घरात रियाज सुरू व्हायचा. मी कोरसमध्ये होते, पण माझं लक्ष असायचं पार्टीतल्या बबनच्या बेस गिटारीकडं. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: चार जाड तारांची, लांब मानेची, विजेवर वाजणारी गिटार. ती चाल वाजवत नाही, गाण्याच्या खालून चालत राहते. वाजत असताना कुणाचं तिच्याकडं लक्ष नसतं, आणि थांबली की गाणं पोकळ वाटायला लागतं. हे कसं होतं याचंच मला भारी नवल वाटायचं. बबन चांगल्या स्वभावाचा. चहाच्या सुट्टीत तो मला गिटार धरू द्यायचा, बोटं कुठं ठेवायची ते दाखवायचा. दोन वर्षं अशी सुट्ट्यांसुट्ट्यांत मी शिकले. बोटांची टोकं सोलून निघायची, आणि मग ठेचा कालवताना मी किंचाळायची.

मग बबनला वाळूजला कायमची नोकरी लागली. तो बजाजनगरात खोली घेऊन राहायला गेला, शिफ्टमध्ये अडकला, आणि त्याची गिटार त्याच्याबरोबर गेली. मी काकांना म्हटलं, मी वाजवते. काकांनी पेटीचा भाता उगाच दाबला.

"कोरसमधला एक आवाज कमी होतो, अन् बेसवर एक पोरगी येती. ह्याच्यात पार्टीचा फायदा काय, सुजा?"

"बेस नाय तर गाणं पोकळ होतंय, काका. तुम्हीच म्हणता."

"म्हणतो खरं." मग त्यांनी अट घातली. "वाद्य आण. येत्या रविवारी रियाजाला सगळ्यांसमोर वाजव. जमलं तर जयंतीला तुझी जागा पक्की. नाय जमलं तर परत कोरस, अन् मंग बेसचं नाव काढायचं नाय." माझ्यासाठी त्या आठवड्यात दुसरं काही उरलंच नाही.

शहागंजात रशीदभाईंचं वाद्यांचं दुकान होतं. आमच्या पेटीचे सूर तेच दुरुस्त करायचे. दादा आणि मी गेलो, तेव्हा त्यांनी एक नव्हे, दोन बेस गिटार काढून गादीवर शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच कंपनीच्या, एकाच गडद कॉफी रंगाच्या, एकाच लांबीच्या. मला आधी वाटलं एकच चीज दोनदा ठेवलीय.

"देखो बेटा, दोनों एकीच माँ की हैं," रशीदभाई म्हणाले. "ये पहले आई, ये दो साल बाद. अब तुम फरक ढूंडो."

मी शोधायला बसले, आणि फरक निघायला लागले. पहिलीची मान जाड, मुठीत धरली की मूठ पुरी मिटत नव्हती. दुसरीची मान वरच्या टोकाला निमुळती होत गेलेली. पहिलीच्या पोटावर, तारांच्या खाली, आवाज उचलणारी चुंबकाची पट्टी एकच. दुसरीला दोन, एक मधोमध आणि एक तारा जिथं टेकतात त्या घोडीजवळ, आणि दोन्हींना वेगळी बटणं. पहिली उचलायला जरा जड. बाकी खुंट्या, तारा, मानेवरचे पडदे, म्हणजे सूर बदलायच्या धातूच्या आडव्या काड्या, सगळं सारखं. मी विचारलं, "ह्यातली चांगली कोणती?"

"वो मैं बोला तो मेरी पसंद होई, तुम्हारी नई. दोनों घर कू ले जाओ, बजाओ. जो नक्को, वो वापस लाओ. जालन्याके आर्केस्ट्रावालों कू भी एक गिटार होना है."

रिक्षात दोन्ही मांडीवर आडव्या घेऊन आम्ही घरी आलो. दादांनी आधी काय केलं असेल, तर कारखान्यातल्यासारख्या दोन चिठ्ठ्या करून दोघींच्या मानेला बांधल्या. जुनी ती 'अ', नवी ती 'ब'. "मॉडेलचं नाव डोक्यात असलं की कान लबाडी करतो," ते म्हणाले. त्या संध्याकाळी आवाजाचं मशीन नव्हतं, म्हणून मी नुसत्याच वाजवून बघितल्या. विजेशिवाय बेस गिटार जेमतेम कुजबुजते. मी हनुवटी लाकडावर टेकवली, तेव्हा अ चा आवाज जबड्यातून थेट कानाच्या मागं गेला. अंगावर काटा आला. माझं मन अ वर बसलं ते तेव्हा.

सोमवारी काकांनी मंडपवाल्यांकडून मशीन आणि स्पीकरचा एक भला मोठा बॉक्स आणून दिला. तो ठेवायला एकच जागा होती, पिंपांच्या शेजारी. दादांनी पद्धत ठरवली. एका दिवशी एकच नग. वेळ तीच, जागा तीच, वाजवणारं माणूस तेच, बटणं त्याच खुणेवर. दोन नग एका टेबलावर आले की घोळ होतो, असा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी माझ्या स्टुलाच्या चारी पायांभोवती खडूनं रेघा मारल्या. संध्याकाळी बरोबर सहा वाजता अ ची तपासणी सुरू झाली. मी प्रत्येक तारेवर, प्रत्येक पडद्यावर एकेक सूर वाजवायचा, आणि त्यांनी वहीत बरोबरची खूण करायची. मला गंमत वाटत होती. सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर मी बोट ठेवलं आणि आवाज आला: घर्रर्र.

"परत," दादा म्हणाले. परत घर्रर्र. दहा वेळा वाजवलं, दहा वेळा तेच. दादांनी बॉक्सला कान लावला. टेपरेकॉर्डरची वायर जोडून बॉक्सवर कॅसेट वाजवून पाहिली, ती स्वच्छ वाजली. म्हणजे दोष बॉक्सचा नाही. मग व्हर्नियर निघाली, फट मोजायच्या फिलर गेजच्या पातळ पात्या निघाल्या, आणि पडद्यांची उंची मोजायला सुरुवात झाली. तिसरा पडदा शेजारच्यापेक्षा केसभर वर निघाला. दादांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. कारण सापडलं होतं.

मंगळवारी सकाळी टँकर आला. मी आणि मायनं नळी ओढून पिंपं भरली, मी डोक्यावरून अंघोळ केली, आणि संध्याकाळी सहाला खडूच्या रेघांत स्टूल ठेवून ब घेऊन बसले. चारही तारा, सगळे पडदे, कुठंही कुरकुर नाही. तिसऱ्या पडद्यावर दादांनी मला दहा वेळा वाजवायला लावलं. सूर स्वच्छ. त्यांनी कार्बन लावून रिपोर्ट लिहिला, अगदी कारखान्याच्या नमुन्यात. नग अ: जाड तार, तिसरा पडदा, घरघर, पडदा उंच, नाकारला. नग ब: मंजूर. खाली सही. अ च्या चिठ्ठीवर लाल ठिपका.

"दादा, अ चा आवाज गोल आहे," मी रात्री जेवताना म्हटलं.

"गोल? कशानं मोजलास?"

 मला इतका राग आला की मी ताट तसंच ठेवून उठले. माय म्हणाली, "मंगळवारचा वरण-भात सोडायलीस? येडी का काय." मी मुसमुसत परत बसले आणि जेवले, कारण वरण-भात पुन्हा आठ दिवसांनी मिळणार होता.

बुधवारी दादांनी अ शहागंजला परत नेली, रिपोर्टाच्या एका प्रतीसकट. रशीदभाईंनी कागद वाचून डोक्याला लावला म्हणे. पुढचे तीन दिवस मी ब वाजवली, पण कशी? तोंड पाडून. बोटं सहज पोचत होती, तर मी मनात म्हणायची, सोपी आहे म्हणजे हलकी आहे. आवाज मोकळा येत होता, तर म्हणायची, उथळ आहे. एखाद्या सुनेला नावं ठेवायची ठरवून बसलेल्या सासूसारखी मी वागत होते. आज मला त्या मुलीचं हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

रविवारी सकाळी पार्टी जमली. ढोलकीवाले, तबलजी, कोरसच्या बाया, मिळून सातआठ माणसं. मागं माय घुगऱ्या परतत होती, त्याचा वास येत होता. काकांनी सूर धरला, मी त्यांच्या खालून चालायला लागले, आणि एक कडवं झकास गेलं. ढोलकीवाल्यांनी माझ्याकडं बघून मान डोलावली.  दुसऱ्या कडव्यात मी जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर उतरले.

घर्रर्र.

काका गाता गाता थांबले. "हे काय बोलायलंय?"

मी परत वाजवलं. परत तेच. तोच पडदा, तीच तार, गिटार मात्र दुसरी. दादा कॉटवरून उठले, खाली वाकले, पडद्याकडं बघत राहिले. काका म्हणाले, "दादा, ह्याच्यावर तुमची सही हाय ना?" त्यांना टोचून बोलायचं नव्हतं, पण दादांचा चेहरा उतरला.  काकांनी पेटी बंद केली. "ऱ्हाऊ दे. जयंती तोंडावर आली. दोन्ही गिटारी खराब निघाल्या, तर त्याला तू काय करणार? सुजा, कोरसमधी बस."

तेव्हा माय घुगऱ्यांची परात घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या गिटारीला कशाला बोलायलात? ते पिंप बोलायलंय."

कुणाला काही कळलं नाही. तिनं परात खाली ठेवली, मोठ्या पिंपाच्या झाकणावर तळहात दाबला आणि मला म्हणाली, "वाजव." मी वाजवलं. सूर स्वच्छ, भरदार. तिनं हात उचलला. घर्रर्र. परत हात ठेवला. स्वच्छ. पिंपाचं सैल झाकण त्या एका सुराला थरथरत होतं, आणि आवाज बॉक्समधून आल्यासारखा वाटत होता.

"सोमवारी बी हेच बोलत व्हतं," माय म्हणाली. "रिकामं झालं की बोलतंय, भरलं की गप."

दादा म्हणाले, "मग त्याच दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मोजायला बसले व्हते. मला कुणी इचारलं?"

सगळे हसले. ढोलकीवाले तर ढोलकीवर डोकं टेकवून हसले. दादा हसले नाहीत. ते बोटांवर वार मोजत होते. "वेळ धरली, जागा धरली, माणूस धरलं," ते स्वतःशी म्हणाले. "पाणी धरलंच नाही." मला वाटतं, ही चूक आमच्याच घरात होऊ शकत होती. पिंपात पाणी किती ह्याच्यावर आमचं जेवण, अंघोळ, भांडणं सगळं ठरत होतं, पण त्या पिंपालाही आवाज असेल हे घरातल्या एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाचं काम पाणी पुरवायचं, असं आम्ही धरून चाललो होतो.

काका म्हणाले, "वैनी, तसाच हात ठेवा." माय पुढची तीन गाणी झाकणावर हात दाबून उभी राहिली. घुगऱ्या गार झाल्या. तिसरं गाणं संपल्यावर काकांनी माझ्याकडं न बघताच तबलजीला सांगितलं, "जयंतीला बेसचा बॉक्स डाव्या अंगाला लावा, सुजा तिकडं बसंल." मला रडू आलं, आणि ते मी गिटारीची वायर गुंडाळायच्या निमित्तानं खाली वाकून लपवलं.

दादांना मात्र चैन नव्हतं. त्यांनी घुगऱ्यांना हात लावला नाही. "ऊठ, शहागंजला जायचंय," ते म्हणाले. "चांगल्या नगावर लाल ठिपका टाकलाय मी. जालनेवाले ती खराब म्हणून सोडून देतील." ब सुद्धा बरोबर घ्यायला लावली. 

दुकानात दोनतीन गिऱ्हाइकं होती. दादांनी ती जायची वाट पाहिली नाही. उभ्या उभ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी पिंपापासून सगळं सांगितलं आणि म्हणाले, "गिटार बरोबर होती, रशीदभाई. तपासणारा चुकला." माझ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकत होते.

रशीदभाईंचा हात पेटीच्या सुरांवर थांबला. "भाईजान, मैं तो तुम्हारा कागज पढ के मिस्त्री कू दे दिया," ते हळू आवाजात म्हणाले. "उसमें लिखा था ना, तिसरा पर्दा ऊंचा है. उसने घिस दिया."

त्यांनी अ आतून आणली. तिसरा पडदा कानशीनं घासून चपटा केलेला होता. मी दुकानातल्या बॉक्सची वायर जोडली आणि त्या पडद्यावर बोट ठेवलं. दुकानात पिंप नव्हतं, पाणी नव्हतं, काही नव्हतं. तरी तार पुढच्या पडद्याला घासली आणि आवाज आला: घर्रर्र. रिपोर्टात लिहिलेलं आता खरं झालं होतं. दादांनी तो पडदा बोटानं चाचपला.

"नवा पडदा?" त्यांनी विचारलं.

"बंबईसे मंगाना पडता. और बैठेगा के नई, कौन बोले." मग रशीदभाई म्हणाले, "मिस्त्री मेरा है, नुकसान मेरा. तुम अच्छीवाली रखो, भाईजान."

"कागद माझा होता," दादा म्हणाले. "त्याच्यावर सही माझी." दोघंही ती बिघडलेली गिटार आपल्याकडं ओढायला बघत होते, आणि चांगली कुणालाच नको होती. शेवटी दादा माझ्याकडं वळले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. "सुजा, मी आता मोजत नाही. तू वाजव आणि तू सांग. पडद्याचा विचार करू नको, त्याचं बघू काहीतरी. तुझ्या कानाला जी चांगली, ती आपली."

मी दोन्ही घेतल्या. एक मिनिट ही, एक मिनिट ती. आणि मग माझ्या ध्यानात आलं की सबंध आठवड्यात, एवढ्या तपासण्या करूनही, दोघी एकाच बॉक्सवर एकामागोमाग कधी वाजल्याच नव्हत्या. मी कान देऊन ऐकायला लागले. अ चा सूर खरोखर गोल होता. एकेक सूर लांबवला की छातीत भरायचा. पण काकांच्या गाण्यातली जलद चाल घेतली की तिचे सूर एकमेकांना चिकटायचे, आणि जाड मानेवर माझं करंगळीचं बोट अर्ध्या वाटेत राहायचं. ब वर तेच सूर सुटे सुटे, ढोलकीच्या मधून वाट काढत यायचे. मी तिची घोडीजवळच्या पट्टीचं बटण कमी केलं, तर अ चा तो गोलपणाही तिच्यात जवळपास आला. वाढवलं, तर धार आली. एका गिटारीत दोन होत्या. मला विश्वास बसेना. मी परत अ घेतली, परत ब घेतली, काहीतरी उलटं ऐकू यावं अशी वाट बघत. तेच ऐकू आलं. ब चांगली होती. माझ्या हाताला, काकांच्या गाण्यांना, आमच्या पार्टीला, ब सरळ सरळ चांगली होती.

मी मान वर केली. दादा माझ्या उत्तराची वाट बघत होते. ज्या माणसाच्या ठिपक्यानंतर कुणी मोजत नसे, तो माणूस हात पाठीमागं बांधून एकोणीस वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडं बघत होता.

"अ," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. आवाज गोल आहे."

रशीदभाई माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. त्यांनाही कान होते. "समझ के बोल रही ना, बेटा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दादांनी खिशातून रिपोर्टाची आपली प्रत काढली, जुन्या मजकुरावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि पाठीमागं लिहिलं: नग अ मंजूर. तपासनीस म्हणून त्यांनी माझं नाव घातलं आणि माझ्याकडून सही करून घेतली.

मी अ का म्हटलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. हट्ट होता, तो कबूल करते. मंगळवारी ताटावरून उठले होते, ते फुकट जाऊ द्यायचं नव्हतं. बिघडलेली गिटार आपल्याच घरी यावी, म्हणजे दादांना रात्री झोप लागेल, हेही डोक्यात होतं. पण सगळ्यात जास्त होतं ते त्यांचं ते बघणं. मी ब म्हटलं असतं तर त्यांचाच निकाल कायम झाला असता, आणि मला वाटलं, मग ते परत मोजायला लागतील.

जयंतीला मी अ वाजवली. तो घासलेला पडदा टाळायला मी त्या जागी वरच्या सप्तकातल्या त्याच सुरावर उडी मारायची. काकांना ती उडी एवढी आवडली की पुढं प्रत्येक गाण्यात ते ती मागून घ्यायचे, आणि लोकांना वाटायचं ही माझी खास ढब आहे. पार्टी होती तोवर मी तीच वाजवली. एकदा शहरातल्या एका मैदानावर जालन्याचा ऑर्केस्ट्रा आला होता. बेसवाल्याच्या हातात ब होती. मी उभ्यानं शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकत राहिले, आणि त्याला भेटायला काही गेले नाही.

दादांनी मात्र ही गोष्ट जन्मभर सांगितली. कारखान्यात सांगितली, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितली, निवृत्तीच्या निरोप समारंभात भाषणाऐवजी हीच सांगितली. "वीस वर्षं मोजमाप केलं, पण पोरीच्या कानानं माझ्या व्हर्नियरला हरवलं," असं म्हणून ते स्वतःच्या चुकीवर मनापासून हसायचे. ते हसणं त्यांना त्या रविवारनंतर आलं. आणि दर वेळी शेवटी माझ्याकडं वळून विचारायचे, "खरं का नाही, सुजा? अ च चांगली होती ना?" मी म्हणायची, "व्हय, दादा." शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या नर्सबाईंना गोष्ट सांगून झाल्यावर त्यांनी तेच विचारलं, आणि मी तेच म्हटलं.

आता विचारणारं कुणी नाही, म्हणून लिहिते. दादा, तुमचं कारण चुकलं होतं. निकाल बरोबर होता. ब चांगली होती.